एकादशीला सोडलेलं उदमांजर

टबावरचं झाकण उचललं तेव्हा माझ्या अंगाभोवती टॉवेल होता, हातात पुण्याहून आणलेला चंदनाचा साबण होता आणि मनात लेकीबद्दल अपार माया होती. आई एवढ्या लांबून दमून येणार म्हणून पोरीने टब भरून ठेवला, गार होऊ नये म्हणून झाकलासुद्धा! पुढच्या क्षणी या तिन्हींपैकी फक्त टॉवेल उरला, तोही मी घट्ट धरला म्हणून.

पांढुरक्या पाण्यात तपकिरी केसांचं काहीतरी बुडवलेलं होतं. आधी वाटलं, घोंगडी भिजत घातली आहे. मी बोटाने जरा ढकललं. घोंगडी सावकाश उलटली, आणि तिला मान होती. चार पायांच्या जागी चार लांब पट्ट्या होत्या आणि मागे पांढऱ्या केसांचा झुबका होता.

मी जी किंकाळी फोडली ती डोंगरापलीकडच्या गावातही गेली असेल. दाराबाहेरून लेक ओरडली, "आई, त्यात हात घालू नकोस हं! तुरटीचं पाणी आहे."

"अगं, आत हरीण आहे!"

"हरीण नाही, हरणाचं कातडं. हरीण फ्रीजरमध्ये आहे. आणि आंघोळीची खोली डावीकडची. ही जुनी, ही मी कामाला वापरते."

हा सगळा खुलासा तिने भाजीवाला कुठे बसतो हे सांगावं तशा आवाजात केला.

तेव्हा मी त्रेसष्ट वर्षांची होते. आता एकाहत्तरावं लागल्यामुळे त्या बाईकडे मला जरा लांबून बघता येतं, आणि जे दिसतं ते फार शोभिवंत नाही. आपण भूतदयावादी आहोत अशी तिची प्रामाणिक समजूत होती. पुण्याच्या फ्लॅटमध्ये डास मारायची बॅट ती टेनिस खेळावं तशी चालवी आणि झुरळ दिसलं की चप्पल शोधण्यात एक सेकंदही घालवत नसे. पण ती हिंसा नव्हती, ती स्वच्छता होती. लेक क्योतोला जंगली प्राण्यांवर पीएच.डी. करते हे ती सोसायटीत सगळ्यांना सांगत फिरायची. प्राण्यांवर म्हणजे दुर्बिणीतून बघायचं आणि वहीत लिहायचं, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. पोरगी क्योतोपासून बसने दीड तासावरच्या डोंगरातल्या गावात जुनं घर भाड्याने घेऊन राहते, हे व्हिडिओ कॉलवर कळलं होतं. तिने सापळे लावायची परीक्षा देऊन परवाना काढला आहे, हरणं आणि रानडुकरं गावाची शेती फस्त करतात म्हणून ती गावच्या शिकाऱ्यांबरोबर फासे लावते, आणि कातडी जाळून टाकायला जीव होत नाही म्हणून घरीच कमावते, हे मात्र त्या कॉलच्या चौकटीत कधी आलं नव्हतं.

मी त्याच संध्याकाळी यांना पुण्याला फोन लावला. म्हटलं, "अहो, तुमची मुलगी कातडी कमावते."

"बरं मग? किती कमावते?" हे म्हणाले.

असल्या माणसाशी काय बोलणार? फोन ठेवला आणि लेकीकडे वळले. त्या वेळी माझ्या तोंडून जे वाक्य गेलं ते इथे लिहितेच, कारण त्याची लाज मला अजून वाटते. मी म्हणाले, "हे काय आपलं काम आहे का?"

लेक चहा गाळत होती. तिने वर न बघता विचारलं, "आपलं म्हणजे कोणाचं गं?"

उत्तर होतं, पण ते मोठ्याने म्हणण्यासारखं नव्हतं. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या ते काम केलं त्यांच्या हातच्या चपला मी आयुष्यभर घातल्या होत्या. मी चहा घेतला.

शेजारी एक आजी एकट्या राहत. ब्याऐंशी वर्षांच्या, कमरेत वाकलेल्या, आणि तोंडाने अशा फटकळ की लेक त्यांचं निम्मंच बोलणं मला सांगायची. मला त्या ओकासान म्हणत, म्हणजे आई. लेकीला कातडं कमवायला त्यांनीच शिकवलं होतं. लेकीचं घरही त्यांच्याच मालकीचं. आल्यानंतर तिसऱ्या दिवशी त्यांनी मला घरात बोलावलं, चहा दिला आणि वर बोट दाखवलं. छताच्या फळ्यांवर पिवळट तपकिरी डाग पसरले होते. एकावर एक, नकाशासारखे. नाकाला झोंबेल असा वास होता.

वर माळ्यावर उदमांजर राहत होतं. दोन वर्षं झाली. आपल्या कोकणात असतं त्याचाच हा जपानी भाऊबंद. रात्रभर वर धावायचं, पहाटे येऊन झोपायचं, आणि बाकीचे सगळे विधी तिथेच उरकायचं. आजींनी धूर करून पाहिला, रेडिओ लावून ठेवला, वळचणीची भोकं बुजवली. ते नवीन भोक पाडायचं. परसातल्या झाडावरची पर्सिमनची फळं पिकली की त्यातली गोड गोड आधी तेच खायचं.

एवढंच असतं तर आजींनी त्याच्याशी आणखी दहा वर्षं भांडण केलं असतं. पण उन्हाळ्यात त्यांचा मुलगा कावासाकीहून आला होता. जेवायला बसला, आणि छतातून एक थेंब त्याच्या भाताच्या वाडग्यात पडला. तो थेंब कसला होता हे सांगायला नकोच. मुलाने वाडगा खाली ठेवला आणि सांगितलं, आई, हे घर आता राहण्यासारखं नाही. नव्या वर्षाच्या सुट्टीपर्यंत ते जनावर गेलं नाही, तर तू माझ्याकडे यायचं.

"येताना रिकामी खोकी घेऊन येणार म्हणालाय," आजी म्हणाल्या. "नववा मजला. बाल्कनीतून दुसऱ्या बिल्डिंगची बाल्कनी दिसते. मी तिथे काय करू? लिफ्टमध्ये वरखाली?"

बोलता बोलता त्या पर्सिमन सोलत होत्या. सोललेली फळं दोरीत ओवून वळचणीखाली वाळत घालायची, महिन्याभराने खारकेसारखी गोड होतात. त्या फळाला तिथे काकी म्हणतात. "काकी सोलून टांगल्या" हे वाक्य मी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं तेव्हा बरेच फोन आले.

लेकीने उदमांजर पकडून मारण्यासाठी नगरपालिकेची वेगळी परवानगी काढली आणि आजींच्या परसात तारेचा पिंजरा लावला. आत एक पट्टी, तिच्यावर पाय पडला की दार धाडकन खाली. पिंजऱ्याला लेकीच्या नावाची पाटी लावावी लागते, तसा नियमच आहे. मला तिने दोनदा बजावलं, "आई, मी नसताना काही सापडलं तर जवळ जाऊ नकोस. नुसता फोन कर."

"मला काय हौस आहे?" मी म्हणाले.

आणि मग एकादशी आली.

लेक पहाटेच्या बसने युनिव्हर्सिटीत गेली होती. जायच्या आधी तिने पिंजरा पाहिला, रिकामा होता. आजी दवाखान्यात गेल्या होत्या. मी साबुदाण्याची खिचडी खाऊन, वरीचे तांदूळ भिजत टाकून, हात पुसत परसात आले, तर दार पडलेलं.

आत ते बसलं होतं. मी कधी इतक्या जवळून जंगली जनावर पाहिलं नव्हतं. लांब शेपूट, राखाडी अंग, गुलाबी नाक. आणि काळ्या तोंडावर, कपाळापासून थेट नाकापर्यंत, पांढराशुभ्र उभा पट्टा. गंध लावल्यासारखा. मी तिथेच थबकले. एकादशीच्या दिवशी, कपाळी उभं गंध लावून कोणीतरी पिंजऱ्यात बसलंय आणि माझ्याकडे बघतंय!

आज मला हसू येतं, पण तेव्हा त्या बाईने चक्क हात जोडले. तिने लेकीला फोन लावला, लेक लेक्चरमध्ये. तिने देवाचं नाव घेतलं. देवाने, माझ्या अंदाजाने, "लेकीने काय सांगितलं होतं?" असंच विचारलं असणार, पण ते तिला ऐकू आलं नाही. तिने छत्री आणली, छत्रीची मूठ दाराच्या तारेत अडकवली आणि दार वर ओढलं.

"जा रे बाबा," मी म्हणाले. "आजच्या दिवशी तरी जा."

ते लगेच गेलं नाही. पिंजऱ्यातलं उरलेलं केळं त्याने आधी संपवलं. मग बाहेर आलं, माझ्याकडे ढुंकूनही न बघता पन्हाळीच्या नळावरून सरसर वर चढलं आणि आजींच्या वळचणीतल्या भोकातून आत गेलं. घरी गेलं ते. वर फळीवर चालल्याचा आवाज मला अंगणात ऐकू आला.

छत्री हातात तशीच. मला वाटलं होतं, ते जंगलात जाईल. समोर अख्खा डोंगर होता, किती झाडं होती. ते जंगलात जाईल असं मी कशावरून ठरवलं, कोण जाणे.

संध्याकाळी लेक आली. तिने पिंजरा पाहिला, आतले केस पाहिले, दाराला लटकलेला छत्रीचा बंद पाहिला.

"दार कोणी उघडलं?"

"मी."

"का?"

"एकादशी होती."

ती माझ्याकडे पाहत राहिली. लहानपणी तिने भिंतीवर चित्रं काढली की मी तिच्याकडे असंच पाहायची, त्यामुळे ती नजर मला ओळखीची होती. फक्त मी त्या नजरेच्या या बाजूला कधी उभी राहिले नव्हते.

"आई, एकदा सापडून सुटलेलं जनावर पुन्हा पिंजऱ्यात येत नाही. शहाणं होतं."

"शहाणं झालं तर चांगलंच की," मी म्हणाले. खरंच म्हणाले. असं बोलल्यावर माणसाच्या जिभेला झिणझिण्या का येत नाहीत, हा निसर्गाचा दोष आहे.

"आजींना तूच सांगायचंस," लेक म्हणाली. "मी फक्त भाषांतर करणार. तुझी बाजू घेणार नाही, शब्द मऊ करणार नाही."

आम्ही गेलो. आजी चुलीपाशी बसून फळं सोलत होत्या. मी सांगितलं. मी सोडलं, माझ्या हातांनी, कोणी सांगितलं नव्हतं. लेकीने ते जपानीत सांगितलं. आजींच्या सुरीखालून येणारी साल तुटली. त्यांनी ती उचलून परातीत टाकली आणि पुन्हा सोलायला लागल्या. मग विचारलं, का?

मी एकादशी समजावली. पंधरा दिवसांनी येते, उपास असतो, त्या दिवशी दारात जीव जाऊ नये. लेक सांगत गेली. आजींनी नीट ऐकून घेतलं.

"मग उद्यापर्यंत थांबायचं होतं," त्या म्हणाल्या. "मी दोन वर्षं थांबले. एक दिवस नसते का थांबले?"

मला हे सुचलंच नव्हतं. पिंजऱ्यावर ओलं पोतं टाकायचं, पाणी ठेवायचं आणि द्वादशीची वाट बघायची. एका वाक्यात माझी सगळी भूतदया आजींनी परातीतल्या सालींबरोबर बाजूला सारली. मला तिथे जी थंडी वाजली ती नोव्हेंबरची नव्हती. मी एका जनावराला घर परत दिलं होतं आणि ते घर या बाईचं होतं.

आजींनी सुरीचं टोक माझ्याकडे केलं. "पुन्हा पकडलं, तर कातडं खरवडायचं हिने."

लेकीने भाषांतर केलं. एक शब्द मऊ केला नाही.

पुढचे पंधरा दिवस पिंजरा रिकामा. लेकीने जागा बदलली, केळी बदलली, मक्याच्या गोड लाह्या टाकल्या. लाह्या कावळ्यांनी खाल्ल्या. वळचणीखालची एक अख्खी माळ एका रात्रीत गेली. आजींच्या छतावर नवा डाग उमटला, आणि कावासाकीहून फोन आला की खोकी मिळाली, चांगली जाड आहेत. आजी हे सांगताना हसल्या नाहीत. कपाटातली भांडी त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतली होती. गुंडाळायची, थोड्या वेळाने एखादं लागायचं म्हणून सोडायची, परत गुंडाळायची.

मला घरात बसवेना. एका दुपारी मी पिंजऱ्यापाशी उकिडवी बसून लेकीला म्हटलं, "तू हे आमिष नुसतं ठेवतेस. ठेवायचं नसतं. बांधायचं असतं."

"तुला काय माहीत?"

"बारा वर्षं तळमजल्यावर संसार केलाय मी. उंदीर काय तुझ्या युनिव्हर्सिटीनेच पाहिलेत?"

आमच्या सासूबाई उंदीर पकडण्यात वाकबगार होत्या. खोबऱ्याचा तुकडा चुलीवर भाजून, वास सुटला की दोऱ्याने आकड्याला बांधायच्या. आणि एखादा उंदीर फारच हुशार निघाला, तर पिंजऱ्याचं दारच दोऱ्याने वर बांधून ठेवायच्या. तीन दिवस त्याने यावं, खावं, जावं. पाहुणचार. चौथ्या दिवशी दोरा सोडायच्या.

लेक माझ्याकडे बघायला लागली. "आई, याला प्री-बेटिंग म्हणतात."

"आमच्याकडे याला सासूबाई म्हणतात."

मी पिकून काळी पडलेली केळी आणली, पुण्याहून आणलेला गूळ किसला आणि तुपावर परतायला घेतलं. असा वास सुटला की आजी भिंतीपलीकडून विचारत्या झाल्या, काय आहे? त्यांना वाटीभर दिलं. त्यांनी खाल्लं आणि म्हणाल्या, हे त्या चोराला देणार? मग त्यांनीच पिंजऱ्याला माती चोळली, माझ्या चंदनाच्या साबणाचा वास जावा म्हणून. माझे हातही राखेने धुवायला लावले.

दार दोऱ्याने वर बांधून ठेवलं. पहिल्या रात्री दारापासचं खाल्लं. दुसऱ्या रात्री निम्म्या वाटेवरचं. तिसऱ्या रात्री आतली वाटी चाटूनपुसून लख्ख. मी खाली राख पसरून ठेवली होती, त्यात इवलेसे पाच पाच बोटांचे ठसे. चौथ्या दिवशी दोरा सोडायचा होता. मी म्हटलं, अजून बिचकतंय, एक दिवस जाऊ दे. पाचव्या दिवशी म्हटलं, आज थंडी फार आहे. सहाव्या दिवशी मी गुळाबरोबर वेलदोडाही घातला.

लेक दारात उभी राहून बघत होती. "आई, पकडायचंय ना आपल्याला?"

मला त्या प्रश्नाने चपराक बसली. मी त्याला जेवू घालत होते. संध्याकाळ झाली की आज काय करू असा विचार करत होते. पोरांना डब्यात काय देऊ म्हणून जो विचार करतात, तोच. आणि ज्यासाठी जेवू घालत होते ते मला ठाऊक होतं. सासूबाई हे दरवेळी करायच्या आणि वर शांतपणे पोथी वाचायच्या; त्या बाईच्या छातीत काय होतं, देव जाणे.

आजींच्या ओट्यावर गुंडाळलेल्या भांड्यांचा ढीग मला अंगणातून दिसत होता. दोरा मीच सोडला.

सकाळी ते आत होतं. लेकीने पंचांग काढलं. माझ्यावर तिचा विश्वास उरला नव्हता. "आज काही नाही ना? चतुर्थी, प्रदोष, काही?"

"काही नाही," मी म्हणाले. नवमी होती.

तिच्याकडे त्यासाठी गॅसची एक बंद पेटी होती. पिंजरा तिने पेटीपाशी नेला. मी मागे मागे गेले, मग थांबले, मग परत दोन पावलं गेले. लेक म्हणाली, "आई, बघ, नाहीतर घरात जा. मध्ये उभी राहू नकोस." ती रागावून बोलली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की तिलाही हे सोपं जात नाही, कधीच जात नसणार, आणि इतके दिवस मी ते विचारलंसुद्धा नव्हतं. मी थांबले. पाहिलं. कपाळावरचा पट्टा अगदी शेवटपर्यंत दिसत होता. मग झाकण लागलं आणि थोड्या वेळाने आतली खरखर थांबली.

आजी आणि लेकीने मिळून ते सोललं. मोजे उलटे काढावेत तसं कातडं निघालं. आत बोटभर जाड पांढरीशुभ्र चरबी होती. आजींनी त्यावर थाप मारली आणि म्हणाल्या, "ही माझी सगळी फळं बघ, दोन वर्षांची." त्यात माझी केळी आणि गूळही होता, पण तो विषय मी काढला नाही. मांस आजींनी शिजवलं. लेकीने माझ्यासमोर खाल्लं. मी पिठलं-भात खाल्ला आणि एक अक्षर बोलले नाही. आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं, असं लेकीचं म्हणणं आहे.

मग खरवडणं. गुडघ्याला टेकवलेला एक गुळगुळीत ओंडका, त्यावर कातडं केसांची बाजू खाली करून पसरलेलं, आणि माझ्या हातात दोन मुठींची बोथट सुरी. पहिल्या दिवशी मी नाकाला पदर बांधला. आजींनी तो सोडला आणि आपल्या हाताने माझे हात धरून सुरी चालवली. जोर ढकलण्याचा, कापण्याचा नाही. चरबी निघते, मग तिच्याखालचा पातळ पापुद्रा निघायला हवा, तो राहिला तर तुरटी आत मुरत नाही. आणि पोटाकडे हात हलका, तिथे कातडं कागदाइतकं असतं. मी एक भोक पाडलंच. आजी जे म्हणाल्या ते लेकीने सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी गुणगुणत होते. सुरी थांबली. घृणा कधी गेली ते मला कळलंच नव्हतं. हात आपले पापुद्र्याची कड शोधत होते, सापडली की खूश होत होते. मी हातांकडे पाहिलं. हे हात माझेच होते, याच हातांनी मी त्रेसष्ट वर्षं देवपूजा केली होती, आणि ते बिनतक्रार हे शिकले होते. टबातल्या हरणाने मला घाबरवलं त्यापेक्षा याने जास्त घाबरवलं. पण काम अर्धं होतं. मी पुन्हा ओंडक्यापाशी वाकले.

भांड्याच्या साबणाने धुऊन ते मीठ-तुरटीच्या पाण्यात आठवडाभर राहिलं, रोज मी काठीने हलवलं. मग सावलीत फळीवर खिळे ठोकून ताणलं. अर्धवट सुकलं की खुर्चीच्या पाठीवर मागेपुढे ओढायचं, नाहीतर पापडासारखं कडक होतं. दोन बायका दोन टोकांना, एक ब्याऐंशीची आणि एक त्रेसष्टची, खुर्चीवर उदमांजर ओढताहेत. यांनी व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि विचारलं, "जिंकतंय कोण?"

वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात आजींचा मुलगा आला. गाडीच्या मागच्या सीटवर घडी केलेली खोकी होती. पन्नाशीचा, चष्मा लावलेला, अत्यंत अदबशीर माणूस. मला त्याचा आधीपासूनच राग आला होता, त्यामुळे त्याची अदबही मला खटकली. आम्ही चौघं ओट्यावर बसलो. तो शिडी लावून माळ्यावर गेला. बराच वेळ वरून त्याच्या पावलांचाच आवाज येत होता. आजी आपल्या दोन्ही तळव्यांवर बसल्या होत्या, शाळेतल्या मुलीसारख्या.

तो खाली आला. केसांत जाळ्या. म्हणाला, काही नाही. घाण आहे, पण जुनी आहे. फळ्या बदलाव्या लागतील.

आजींनी कातडं आणून त्याच्या मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे बोट केलं. "हिने सोडलं. हिनेच पकडलं. भोकही हिचंच आहे."

तो मला वाकून नमस्कार करायला लागला. मी संकोचाने मरत होते. मग तो कातड्यावरून हात फिरवत राहिला, कपाळावरच्या पांढऱ्या पट्ट्यावरून, खालपासून वरपर्यंत. आणि आईकडे न बघता काहीतरी हळू बोलला.

"काय म्हणाला?" मी लेकीला कोपराने ढोसलं.

"म्हणाला, मी तिच्यासाठी खोली तयार केली होती. गवताच्या ताटामी चटया घातल्या होत्या. घरी आलं की कोणीतरी असेल, असं वाटलं होतं."

मी त्याच्याकडे पाहिलं. इतके दिवस मी त्याला खोकी घेऊन येणारा माणूस समजत होते. त्याच्या घरात दुसरं कोणी आहे का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. आणि आता कळलं, नव्हतं. जनावराचा जीव जाऊ नये म्हणून मी दार उघडलं आणि या बाईचं घर जायला निघालं. बाईचं घर राहावं म्हणून दोरा सोडला, तर आता हा इथे बसला होता, मांडीवर ते कातडं घेऊन. कुठेही हात लावला की दुसरीकडे कोणाचं तरी काहीतरी जातच होतं, आणि त्रेसष्ट वर्षांत हे माझ्या कानावर कोणी घातलं नव्हतं. किंवा घातलं असेल, मी ऐकलं नसेल.

आजी उठल्या. आत गेल्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक वाडगं त्यांनी सोडलं, त्यात भात वाढला आणि मुलासमोर ठेवला. बसल्या जागेवरून त्याने छताकडे पाहिलं. मग जेवला. सगळं संपवलं.

जेवण झाल्यावर तो म्हणाला, "जाळी आणि हातोडी कुठे आहे?"

वळचणीचं भोक अजून उघडंच होतं. आत काही उरलं नाही याची खात्री होईपर्यंत बुजवायचं नसतं. त्याने कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि पुन्हा शिडी चढला. मी शिडी धरली. थंडीने माझी बोटं लोखंडाला चिकटत होती. एवढा मोठा कावासाकीचा साहेब, पण पहिला खिळा वाकडा, दुसरा वाकडा, तिसरा खाली माझ्या पायाशी. आजी अंगणात उभ्या राहून एकसारख्या काहीतरी ओरडत होत्या.

"काय म्हणताहेत गं?" मी लेकीला विचारलं.

"नको आई," लेक म्हणाली. "हे नाही मी सांगणार."

वर तो हसायला लागला आणि शिडी हलायला लागली. मी ती दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली.